घरचा कागद, शाळेचा कागद

सहा वर्षांचा मुलगा बाकावर टिकत नाही, वही अर्धी सोडून उठतो, रांगेत मध्येच घुसतो, घरी जेवतानाही चारदा ताटावरून उठतो. शाळेतून पुन्हापुन्हा चिठ्ठी येऊ लागली की आईवडील त्याला घेऊन बालमनोविकारतज्ज्ञाकडे किंवा डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे जातात. रक्त तपासतील, मेंदूचे स्कॅन काढतील, अशी त्यांची कल्पना असते. प्रत्यक्षात डॉक्टर बराच वेळ प्रश्न विचारत बसतात आणि निघताना हातात दोन कागद ठेवतात. एक घरी भरायचा, दुसरा वर्गशिक्षिकेने. ‘हातातले काम पुरे करत नाही’, ‘आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही’ अशा ओळी आणि प्रत्येक ओळीसमोर ‘कधीच नाही’पासून ‘नेहमीच’पर्यंत रकाने. बऱ्याच पालकांचा इथे हिरमोड होतो. एवढी मोठी काळजी घेऊन आलो, आणि तपासणी म्हणजे नुसत्या खुणा करायच्या?

एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, तपासणी या दोन कागदांपर्यंत येऊन पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्या वाटेवर मुलांच्या पाठीत सुया टोचल्या गेल्या, त्यांच्या आयांना बाळंतपणातल्या चुका विचारल्या गेल्या, आणि ‘नैतिक नियंत्रणाचा अभाव’ असा शिक्काही मुलांच्या कपाळी बसला. तो इतिहास माहीत असला की हे कागद किरकोळ वाटत नाहीत.

लक्ष न टिकणाऱ्या माणसांची नोंद वैद्यकाने तशी बरीच आधी घेतली होती. मेलकिओर आडाम वायकार्ड या जर्मन डॉक्टरने १७७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अशा लोकांचे वर्णन केले आहे. १७९८ मध्ये स्कॉटिश डॉक्टर अलेक्झांडर क्रायटन याने लक्षाच्या विकारांवर एक अख्खे प्रकरण लिहिले. त्याचे एक निरीक्षण आजही पटते. ही अडचण जन्मजात असेल तर ती लहानपणीच दिसते, शिकवायला बसवले की ठळक होते आणि वयाबरोबर बहुधा कमी होत जाते, असे त्याने लिहिले. फ्रँकफुर्टच्या हाइनरिश हॉफमन या डॉक्टरने तर आपल्या लहानग्या मुलासाठी चित्रांचे पुस्तकच रचले. १८४५ मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत फिलिप नावाचा एक चुळबुळ्या मुलगा आला. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची मागेपुढे झुलवता झुलवता तो टेबलावरच्या चादरीसकट सगळे जेवण खाली ओढतो. पण हॉफमनचा फिलिप ही शिस्तीची गोष्ट होती. अशा मुलाला तपासायला न्यावे, असे त्या काळातल्या आईबापांच्या मनातही आले नसते.

तो विचार आला १९०२ च्या मार्चमध्ये, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये. बालरोगांचे डॉक्टर जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी तिथे तीन व्याख्याने दिली आणि ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. बुद्धी चांगली, तब्येत धडधाकट, तरीही स्वतःला आवर घालता न येणाऱ्या २० मुलांची हकीकत त्यांनी मांडली. त्यांत १५ मुलगे होते आणि ५ मुली. सहा वर्षांच्या एका मुलाचे लक्ष खेळातदेखील फार वेळ टिकत नसे. बोलायला चुणचुणीत असूनही अशी मुले शाळेत मागे पडतात, हे स्टिल यांनी नेमके टिपले. त्यांनी दिलेले नाव मात्र त्या काळाचे होते, नैतिक नियंत्रणाचा दोष. आज ते वाचताना अंगावर काटा येतो. तरी श्रेय द्यायला हवे ते यासाठी की मूल वाईट वळणाचे आहे की त्याच्या शरीरात काही वेगळे आहे, हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांपुढे ठेवला. आवर घालण्याची ताकद वयाप्रमाणे वाढते, म्हणून मुलाची तुलना त्याच्याच वयाच्या मुलांशी करायला हवी, हेही त्यांनी सांगितले. हा नियम आजच्या प्रत्येक तपासणीच्या मुळाशी आहे.

पुढची काही दशके या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास मेंदूज्वराची एक विचित्र साथ जगभर पसरली. तिच्यातून वाचलेली अनेक मुले घरी परतली ती बदलूनच. शांत मूल अचानक बेफाम झाले, रात्र रात्र जागू लागले. डॉक्टरांनी अनुमान काढले की मेंदूला इजा झाली की मूल असे वागते. इथवर ठीक होते. पुढे हे वाक्य उलटे वापरले जाऊ लागले. मूल असे वागते, म्हणजे त्याच्या मेंदूला इजा झालेलीच असणार. खुणा सापडल्या नाहीत तर इजा ‘किंचित’ आहे असे धरायचे. ‘किंचित मेंदूइजा’ हे निदान जवळजवळ दोन पिढ्या टिकले. अल्फ्रेड स्ट्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४० च्या दशकात अशा मुलांसाठी खास वर्गखोल्या सुचवल्या. भिंतीवर चित्र नको, खिडकीतून बाहेरचे दिसायला नको, शिक्षिकेने दागिने आणि भडक कपडे घालू नयेत. हेतू चांगला होता. पण इजेचा पुरावा म्हणून मुलाच्या वागण्यापलीकडे कुणाकडे काही नव्हते, आणि घरोघरच्या आया प्रसूतीच्या वेळी काय चुकले ते आठवत बसल्या. त्या पिढीतल्या बायकांवर हा फार मोठा अन्याय झाला.

पुरावा शोधण्याच्या याच धडपडीतून सगळ्यात अनपेक्षित घटना घडली. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ईस्ट प्रॉव्हिडन्स येथे १९३१ मध्ये मुलांसाठी एक रुग्णालय उघडले. सातव्या वर्षी मेंदूज्वराने अपंग झालेल्या एमा ब्रॅडली या मुलीच्या नावाने, तिच्याच आईवडिलांच्या पैशातून ते उभे राहिले होते. वागण्याचे गंभीर प्रश्न असलेली मुले तिथे महिनोन्‌महिने राहत, आवारातल्याच शाळेत शिकत. त्याच कुटुंबातले डॉ. चार्ल्स ब्रॅडली तिथे काम करत. मेंदूत दोष आहे का हे पाहण्यासाठी त्या काळी एक भयंकर चाचणी होती. पाठीच्या कण्यात सुई घालून मेंदूभोवतीचे पाणी काढायचे, त्या जागी हवा भरायची आणि मग एक्स-रे घ्यायचा. नंतर मुलांचे डोके असह्य दुखे. त्या डोकेदुखीवर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखी फारशी थांबली नाही. पण शाळेतल्या शिक्षकांना दिसले की काही मुले एकाएकी धडा पुरा करू लागली आहेत.

मग ब्रॅडलींनी ५ ते १४ वर्षांच्या ३० मुलांना आठवडाभर रोज सकाळी हे औषध दिले आणि परिचारिका व शिक्षक यांच्या नोंदी गोळा केल्या. त्यांपैकी १४ मुलांच्या शाळेतल्या कामात ठळक फरक पडला. हा अहवाल १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुले या औषधाला गणिताच्या गोळ्या म्हणत. औषधाची गोष्ट पुढे अनेकांनी सांगितली आहे. त्याहून महत्त्वाचे असे की पाठीत सुई टोचून जे दिसले नाही ते वर्गातल्या शिक्षकाला दिसले. यंत्राऐवजी रोज मुलासोबत असणाऱ्या माणसाच्या नजरेवर विसंबायचे, ही दिशा खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. पुढची वीसेक वर्षे मात्र या कामाकडे फारसे कुणी वळले नाही.

युरोपात याच सुमारास आणखी एक धागा तुटला. बर्लिनमध्ये फ्रान्झ क्रामर आणि हान्स पोल्नो यांनी १९३२ मध्ये अतिचंचल मुलांचे बारकाईने वर्णन केले होते. ते वर्णन आजच्या निकषांच्या फार जवळ जाते. दोघेही ज्यू वंशाचे. नाझी सत्तेवर आले, क्रामर नेदरलँड्सला गेले. पोल्नो फ्रान्सला पळाले, पण पकडले गेले आणि १९४३ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत त्यांचा अंत झाला. त्यांचे काम जगासमोर पुन्हा यायला कित्येक दशके जावी लागली.

१९६२ मध्ये ऑक्सफर्डला जमलेल्या बालमेंदूतज्ज्ञांनी एक गोष्ट मान्य केली. नुसत्या वागण्यावरून इजा झाली असे म्हणता येत नाही. ‘इजा’ हा शब्द काढून त्यांनी ‘कार्यदोष’ हा शब्द सुचवला. त्याने प्रश्न पुरता सुटला नाही, कारण अमुक मुलात हा दोष आहे हे ठरवायचे कसे, ते कुणीच सांगितले नव्हते. एका पायावर उड्या मारायला लावायचे, डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगायचे, मेंदूचा विद्युत आलेख काढायचा, असे बरेच काही चालू होते.

उत्तर आले बाल्टिमोरहून, तेही निदानाच्या शोधात नसलेल्या माणसाकडून. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लिऑन आयझेनबर्ग आणि कीथ कॉनर्स हे मुलांवर औषधांचे प्रयोग करत होते. औषधाचा उपयोग होतो की नाही हे मोजायला काहीतरी माप हवे होते. कॉनर्स यांनी ३९ ओळींचा एक तक्ता केला. शिक्षकाने प्रत्येक ओळ वाचायची आणि ‘मुळीच नाही’पासून ‘फारच’पर्यंत चारांतला एक रकाना निवडायचा. हा तक्ता १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि औषधाच्या अभ्यासात वापरण्यासाठी तो आहे, हे लेखाच्या शीर्षकातच म्हटले होते. पुढच्याच वर्षी पालकांसाठीची प्रश्नावली आली. औषधाचा परिणाम मोजायला केलेले हे साधन काही वर्षांतच मुलाला विकार आहे का हे ठरवायला वापरले जाऊ लागले. आजचे बहुतेक तक्ते त्याचेच वंशज आहेत.

ही उडी धोक्याची होती आणि तो धोका लगेच दिसला. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात शाळेच्या सांगण्यावरून मोठ्या संख्येने मुलांना उत्तेजक औषधे दिली जात आहेत, अशी बातमी १९७० मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापली. आकड्यांवर पुढे वाद झाले, पण त्याच सप्टेंबरात अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सुनावणी झाली. शिक्षकाने एक कागद भरला आणि मूल औषधावर गेले, अशी भीती पालकांच्या मनात बसली ती तेव्हापासून. ती भीती निराधार होती असे म्हणता येणार नाही. शिक्षकाची नजर महत्त्वाची असली तरी ती एकट्याची नजर असते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात जे मूल गोंधळ घालते ते तिला दिसते, आणि मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी दिसत नाही.

ती मुलगी दिसायला लागली मॉन्ट्रियलमुळे. मॅकगिल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले की या मुलांचा खरा प्रश्न हातापायांच्या वळवळीपेक्षा लक्ष टिकवण्याचा आणि आवेग रोखण्याचा आहे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आपल्या निदानपुस्तिकेत विकाराचे नाव बदलले. लक्षाची कमतरता हे मुख्य लक्षण झाले आणि चंचलता नसतानाही निदान होऊ शकते, हे मान्य झाले. एडीएचडी हे नाव १९८७ चे. १९९४ च्या आवृत्तीत एक नियम ठळकपणे आला, आणि हा नियम या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. अडचण किमान दोन ठिकाणी दिसली पाहिजे. नुसती शाळेत नाही, नुसती घरात नाही. मूल फक्त वर्गात अस्वस्थ असेल तर कदाचित वाचता येत नसेल, ऐकू येत नसेल, कुणी त्रास देत असेल. फक्त घरात असेल तर घरात काही बिनसले असेल. शाळेच्या कागदाला घरच्या कागदाची जोड आवश्यक ठरली ती या नियमामुळे. तेव्हा लक्षणे सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत अशी अट होती. २०१३ मध्ये ती बाराव्या वर्षापर्यंत नेण्यात आली.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २००० मध्ये सहा ते बारा वर्षांच्या मुलांच्या तपासणीची पद्धत लिहून काढली. पालक आणि शाळा दोघांकडून माहिती घ्या, सोबतचे इतर विकार आहेत का पाहा, मेंदूचे स्कॅन वा विद्युत आलेख नेहमीच्या तपासणीत नकोत, असा तिचा गाभा. २०११ मध्ये वयाची खालची मर्यादा चार वर्षांवर आली. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी मात्र औषधाआधी पालकांनी मुलाशी वागण्याचे प्रशिक्षण घ्यावे, असे सांगण्यात आले. विद्युत आलेखावर आधारलेल्या एका उपकरणाला अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ मध्ये परवानगी दिली, तीही पूर्ण तपासणीला जोड म्हणूनच. ‘मेंदूचा नकाशा’ काढून हमखास निदान देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे भरण्याआधी पालकांनी हे लक्षात ठेवावे.

वयाची तुलना चुकली तर काय होते, याचा दाखला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मिळाला. तिथे शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर. नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्यावर २०१२ मध्ये आढळले की जानेवारीत जन्मलेल्या वर्गमित्रांपेक्षा डिसेंबरातल्या मुलग्यांना एडीएचडीचे निदान होण्याची शक्यता ३० टक्के जास्त होती, आणि मुलींमध्ये ७० टक्के. वर्गातले सर्वांत लहान मूल अपरिपक्व वाटणारच. आपल्याकडेही एकाच बाकावर जवळजवळ वर्षाच्या अंतराची मुले बसतात. म्हणून पालकांनी डॉक्टरला मुलाची जन्मतारीख सांगताना वर्गातल्या इतरांच्या तुलनेत ते कुठे बसते, हेही आवर्जून सांगायला हवे.

महाराष्ट्रातल्या मुलाच्या फाइलमध्ये आणखी काही कागद असतात आणि त्यांचा इतिहास अगदी जवळचा आहे. ब्रॅडलींचा अहवाल निघाला त्याच १९३७ साली मुंबईत टाटांच्या समाजकार्य संस्थेने, आजच्या ‘टिस’ने, भारतातले पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्याआधी धारवाडमध्ये व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली होती. ‘बिने-कामत’ या नावाने ती आजही अनेक दवाखान्यांत वापरली जाते. नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातले आर्थर मॅलिन यांनी १९६० च्या दशकात वेक्सलरच्या बुद्धिमापन चाचणीचे भारतीय रूप तयार केले आणि मुलाचे रोजचे वागणे पालकांना विचारून मोजणारी व्हाइनलँड पट्टीही इथल्या घरांसाठी बदलली. ती ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखली जाते. मूल शर्टची बटणे स्वतः लावते का, एकटे दुकानात जाते का, असे प्रश्न त्यात आहेत. मुलाची बुद्धी कमी आहे की लक्ष टिकत नाही म्हणून ते मागे पडते आहे, हे वेगळे काढल्याशिवाय एडीएचडीचा निवाडा करता येत नाही. त्यामुळे चंचल मुलाला बुद्धिमापनाला बसवले म्हणून आईवडिलांनी खचून जाण्याचे कारण नाही. कान आणि डोळे तपासायला सांगतात तेही याच कारणाने.

गोव्यातल्या एका अभ्यासाने पालकांची बाजू समोर आणली. एडीएचडीचे निदान झालेल्या मुलांच्या पालकांच्या मुलाखतींवर आधारलेला हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. यांतल्या फार थोड्या पालकांना हा आजार वाटत होता. अभ्यासात मागे पडणे, आठवण न राहणे हीच त्यांची मुख्य तक्रार होती, आणि औषधापेक्षा शिकवण्यात मदत व्हावी अशी त्यांची अपेक्षा होती. काहींनी देवाधर्माचाही आधार घेतला होता. या पालकांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण त्यांचे म्हणणे इतिहासाशी जुळते. हा विकार नेहमी शाळेच्याच दारात ओळखला गेला आहे.

परदेशी तक्त्यांतले प्रश्न इथे जसेच्या तसे चालत नाहीत, ही अडचण उरतेच. म्हणून भारतीय संशोधकांच्या ‘इन्क्लेन’ गटाने सहा ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी इथलेच साधन तयार केले. ते २०१६ मध्ये ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध झाले. याच गटाने उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले.

निदान झाल्यावर कायद्याच्या दृष्टीने या मुलांची वाट अजून अर्धवट आहे. महाराष्ट्र शासनाने १९९६ मध्ये अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत अध्ययन अक्षमतेला जागा मिळाली, एडीएचडीला मिळाली नाही. दोन्ही अडचणी एकाच मुलात असणे हे नेहमीचे आहे, पण अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून पुढेच मिळते. सहाव्या वर्षी एडीएचडीचे निदान झालेल्या मुलाच्या आईवडिलांनी त्यामुळे दुसरी-तिसरीत पुन्हा वाचन, लेखन आणि गणिताची चाचणी करून घ्यावी, शाळेचे आणि घरचे जुने तक्ते फाइलमध्ये जपून ठेवावेत, आणि वर्गशिक्षिका बदलली की नव्या बाईंनाही तोच कागद भरायला द्यावा.